‘गप्प का?’ विचारणारं पत्रक

अन्याय झाला तो माझ्या सोलापूरच्या मुसलमान रूममेटवर, २००६च्या गणपतीत, रविवारी दुपारी, अमेरिकेत सनीव्हेलमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणात. गरम झेरॉक्सचा वास आला की ती दुपार आठवते, कारण ‘मवाळ मुसलमान गप्प का?’ हे पत्रक मीच लिहिलं होतं आणि त्याच्या घड्या घालायला तोच माझ्याबरोबर बसला होता. “हेडिंग जोरदार आहे यार,” एवढंच म्हणाला. पॉटलकला त्यानं शेंगाचटणी आणली होती. एका काकांनी पत्रक त्याच्यापुढे धरलं. “आधी सगळ्यांसमोर दहशतवादाचा निषेध कर, मग ताट घे.” तो शांतपणे म्हणाला, “काका, गेल्या शुक्रवारी मशिदीत एकजण भडकाऊ बोलत होता, त्याला मी सगळ्यांदेखत थांबवलं. तिथे मला गद्दार म्हणाले. आता इथेही परीक्षा?” हे मला ठाऊक नव्हतं, कारण एकाच घरात राहून मी कधी विचारलंच नव्हतं. चटणीचा न उघडलेला डबा उचलून तो निघाला आणि मी पत्रकांचा गठ्ठा धरून नुसता उभा राहिलो. आजही तोच प्रश्न छापून वाटला जातो. तो तुमच्या हातात आला तर पुढे देऊ नका. ओळखीच्या एका मुसलमानाशेजारी जेवायला बसा आणि तो बोलेल ते शेवटपर्यंत ऐका.