भिंतभर एकच फूल

वेलआत्यांनी उभं आयुष्य घराच्या भिंतींवर वेली काढल्या. हातात काडी, वाटीत रंग आणि तोंडी देवाचं नाव. त्या म्हणत, "देवाने दोन पानं सारखी केली नाहीत, मग मी कोण करणारी?"

यंदा त्या लेकीकडे गेल्या असताना मुलाने घर सजवायला काढलं. सजावटीच्या बाईंना 'आपल्याकडची कला' हवी होती. त्यांनी आत्यांच्या वेलीतल्या एका फुलाचा फोटो काढला, वेल खरवडली आणि त्या फोटोचा छापील कागद भिंतीला चिकटवला. आत्या परतल्या तेव्हा भिंतभर तेच एक फूल होतं. मूळ फूल काढताना आत्यांचा हात हलून त्याची एक पाकळी ओघळली होती, तीही भिंतभर.

"आई, तुझीच तर कला आहे," मुलगा म्हणाला.

"माझा हात एकदा चुकला रे. तू त्याची दवंडी पिटलीस."

त्यांनी कागदाची कड नखाने उचकटली.

"अहो आई, डाग पडतील," सून म्हणाली.

"डाग छापूनच आणलेत की तुम्ही."

आत्यांनी बाह्या सरसावून कागद टराटरा ओढला. सून ओलं फडकं घेऊन आली आणि भिंतीवरचा डिंक पुसू लागली.