वत्सलाबाईंची दुरुस्ती

यातला शब्द न् शब्द खरा आहे. नर्मदामाईची शपथ. आता शपथ घेतलीच आहे तर हेही सांगून टाकतो की एका ठिकाणी मी थोडं रंगवलंय. थोडं म्हणजे बरंच. पण त्याला माझा इलाज नाही, मी कोचिंग क्लासमध्ये नागरिकशास्त्र शिकवतो. रंगवलं नाही तर पोरं झोपतात.

असे किस्से साठतात कसे, माहीत आहे? अभिमानाची गोष्ट एकदा सांगितली की संपते. लाजेची संपत नाही. ती दर लग्नात, दर बारशाला नव्याने सांगावी लागते, आणि समोरचा हसला की तेवढ्यापुरतं हलकं वाटतं. आमच्या शनिवारच्या समितीचे सगळे किस्से या दुसऱ्या जातीचे.

ही समिती आम्हाला कोणी नेमलेली नव्हती. जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये, माझ्या क्लासच्या खोलीत, दर शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघं मराठी माणसं जमायचो. संसदेत एखादं विधेयक समितीकडे गेलं की ती समिती पेपरात जाहिरात देते: जनतेने सूचना पाठवाव्यात. जनता म्हणजे आपणच, असा शोध खोब्रागडे सरांनी लावला. सर निवृत्त हेडमास्तर. ते आमचे सभापती. बक्षी वकील, शुभांगीताई आणि मी, आम्ही सदस्य. शुभांगीताई नर्स आहेत, आणि आमच्यात कामाचं बोलणाऱ्या त्या एकट्याच.

दिल्लीची समिती जसं करते तसंच आम्ही करायचो. एकेक कलम वाचायचं, एकेक शब्दावर भांडायचं, चहा प्यायचा, पुढच्या शनिवारी पुन्हा तेच कलम.

*

पहिली लाज सरांच्या व्याह्यांनी आणली. ते पुण्याचे.

त्या वर्षी आम्ही जे विधेयक घेतलं होतं, ते म्हाताऱ्या आईबापांच्या सांभाळाच्या कायद्यात बदल करणारं होतं. हिंदीत त्याला म्हणतात संशोधन विधेयक. आता आम्ही जबलपूरचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि दोन्हींच्या मधे दार सताड उघडं. सरांनी व्याह्यांना फोनवर अभिमानाने सांगितलं, आम्ही दर शनिवारी संशोधन करून राहिलो.

पुण्यात संशोधन म्हणजे रिसर्च! झालं. पुढच्या लग्नात व्याह्यांनी भर मांडवात आमची ओळख करून दिली, हे जबलपूरचे शास्त्रज्ञ. एका मावशींनी तर बक्षीला बाजूला घेऊन आपल्या गुडघ्यांवर काही नवीन निघालंय का, ते विचारलं.

बक्षीने तेल सुचवलं. वकील आहे, गप्प बसवत नाही.

*

दुसरा किस्सा कोरमचा.

सरांचा नियम होता, चौघं असल्याशिवाय बैठक सुरू होणार नाही. एका शनिवारी बक्षी आलाच नाही. सर घड्याळाकडे बघत बसले, चहा निवला, मी म्हटलं, चला सर, आता घरी जाऊ. तेवढ्यात शुभांगीताई आल्या, आणि त्यांच्यासोबत एक म्हाताऱ्या बाई. वत्सलाबाई. शुभांगीताईंच्या गल्लीतल्या, गोहलपूरच्या. तिथे खाली मुलाचं ग्रिल बनवायचं वर्कशॉप आणि वरती घर.

बाई शेवटच्या बाकावर बसल्या. सरांनी मोजलं: एक, दोन, तीन, चार. म्हणाले, "कोरम झाला."

असा आमच्या समितीत त्यांचा प्रवेश झाला. संख्या पुरी करायला!

शुभांगीताईंनी मग हळूच सांगितलं. घर बाईंच्या नावावर, पण किल्ली पोराच्या खिशात. घर माझ्या नावावर कर, मग औषध आणतो, असं रोजचं चाललेलं. बीपीच्या गोळ्या शुभांगीताईच गुपचूप द्यायच्या. बाईंनी एकदा तक्रार केली होती. एक साहेब चौकशीला घरी आले, पोराने दिलेल्या खुर्चीवर बसले, पोराने दिलेला चहा प्यायले, आणि पोरासमोरच त्यांना विचारलं, काही त्रास आहे का. साहेब गेल्यावर महिनाभर कोणी बाईंशी बोललं नाही.

म्हणून त्यांना कायद्यात एकच गोष्ट हवी होती. ती त्यांनी त्याच दिवशी, शेवटच्या बाकावरून सांगितली. "म्हाताऱ्या माणसाले विचारायचं असन, तर आधी पोराले बाहेर पाठवा. मग विचारा."

सर म्हणाले, सूचना उत्तम आहे, योग्य कलम आलं की घेऊ.

*

योग्य कलम यायला पावसाळा गेला. कारण मधे आलं "आणि/किंवा".

विधेयकात होतं, मुलांनी आईबापांना अन्न, वस्त्र, निवारा आणि/किंवा औषधोपचार द्यावा. ती तिरकी रेघ बघून बक्षी पेटला. म्हणाला, उद्या पोरगा कोर्टात म्हणेल, मी भाकरी दिली, आता गोळी काहून देऊ? सर म्हणाले, संसदेच्या मसुद्यात रेघ आहे म्हणजे काही विचार करूनच असेल. मी फळ्यावर त्रिकोणमितीच्या शेजारी "आणि" लिहिलं, खाली "किंवा" लिहिलं. कितीतरी शनिवार त्या रेघेवर गेले. बक्षी म्हणाला रेघ काढून टाका, सर म्हणाले उभी करा.

शेवटी शुभांगीताई वैतागून म्हणाल्या, अहो, ज्यांच्यासाठी कायदा आहे त्या इथे बसल्यात, त्यांना तरी विचारा.

सरांनी अदबीने विचारलं, बाई, तुमच्या घरी आणि आहे की किंवा?

वत्सलाबाई म्हणाल्या, "आमच्याकडे किंवाच हाये जी."

आम्ही किती हसलो! बक्षीने तर मला टाळी दिली. वाक्य इतकं आवडलं की पुढे आठवडाभर घरी बायकोने भाजी वाढली की मी म्हणायचो, आणि की किंवा?

बाई हसल्या नव्हत्या. हे मला फार उशिरा आठवलं.

*

मग त्यांचं कलम आलं.

बक्षी म्हणाला, पोराला बाहेर काढायचं म्हणजे कायदा त्याला आधीच गुन्हेगार धरतो, हे टिकणार नाही. सरांचा मुद्दा वेगळा. आपण चार मराठी माणसं जबलपुरातून हे लिहून पाठवणार, तर दिल्लीला काय वाटेल? आपल्या घरांमध्ये असं चालतं?

शुभांगीताई म्हणाल्या, चालतं की.

सर म्हणाले, चालत असेल, पण लिहायचं कशाला?

मी मधला माणूस. मी सुचवलं, मधे "शक्यतो" घालू. शक्यतो मुलाला बाहेर पाठवावे. बक्षी म्हणाला, शक्यतो म्हणजे काहीच नाही. सर म्हणाले, काहीच नसेल तर ठेवायचंच कशाला? अशी माझ्याच शब्दापायी ती सूचना गेली. मतदान झालं. दोन विरुद्ध एक, आणि मी तटस्थ. वत्सलाबाई कोरममध्ये होत्या, मतदानात नव्हत्या. सरांनी नियम समजावून सांगितला.

त्यांनी मान हलवली. मग विचारलं, पुढच्या शनिवारी यायचं ना? कोरमला?

आणि आम्ही दिल्लीला काय पाठवलं? रेघ काढून टाका.

*

आता गंमत बघा. दिल्लीची ती समितीच दौऱ्यावर जबलपूरला आली! सूचना पाठवणाऱ्यांना बोलावणं आलं, आणि ज्येष्ठ नागरिक असतील तर सोबत आणा, असंही कळवलं.

सर भेडाघाटला जाऊन दिल्लीच्या सभापतींसाठी संगमरवरी हत्ती घेऊन आले. समितीच्या अधिकाऱ्याने हात जोडून सांगितलं, भेटवस्तू चालत नाही. तो हत्ती सुनावणीभर आमच्याच टेबलावर आमच्याकडे सोंड करून उभा होता.

पण सरांचं खरं स्वप्न निराळं होतं. साक्षीदाराला आपल्या भाषेत बोलता येतं, असं पत्रात होतं. सर म्हणाले, जबलपूरची मराठी दिल्लीच्या रेकॉर्डवर गेली पाहिजे. वत्सलाबाई मराठीत बोलतील, मी हिंदीत सांगेन.

क्लासमध्ये तालीम घेतली. बाईंनी विचारलं, "सर, मी हिंदीतच बोलून देऊ का? सोपं जाईल." त्यांचा जन्म इथला, हिंदी आमच्यापेक्षा साफ.

सर म्हणाले, नाही. मराठीत.

आणि एक घोळ झाला. सुनावणीच्या हॉलमध्ये सोडायला आधार कार्ड लागणार होतं, आणि बाईंचं आधार पोराच्या कपाटात. मागावं लागलं. पोराने विचारलं, कशाला. मग म्हणाला, मैं ही छोड़ दूँगा ना माँ, ऑटो से क्यों जाओगी?

आला. इस्त्रीचा शर्ट घालून, आईला स्कूटरवर बसवून. सरांच्या पाया पडला. मराठी त्याला समजते म्हणतात, बोलता येत नाही. मागच्या रांगेत बसला, नीट मांडीवर हात ठेवून.

*

वत्सलाबाईंचं नाव पुकारलं. त्या उठल्या, एकदा मागे पाहिलं, आणि मराठीत एवढंच म्हणाल्या, "पोराचा फार जाच हाये, साहेब."

त्या बोलल्या होत्या. त्याच्यासमोर बोलल्या होत्या.

आता सरांचं ऐका. जन्म जबलपूरचा, डोक्यात शब्द आधी हिंदी येतो. त्यातून त्याच आठवड्यात सरांच्या मुलाने त्यांची रक्ताची, डोळ्यांची, हृदयाची, सगळी जाँच करवून आणलेली. सर ताठ उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माताजी कह रही हैं, बेटा बहुत जाँच करवाता है."

सभापती खूश झाले. विचारलं, कितनी बार?

सरांनी बाईंना विचारलं, किती वेळा?

बाई म्हणाल्या, "रोज."

"रोज़, महोदय."

सभापतींनी चष्मा काढला. म्हणाले, लोग कहते हैं ज़माना ख़राब है. इसे रिकॉर्ड पर लीजिए. सदस्यांनी बाकं वाजवली. मागच्या रांगेत पोरगा उभा राहिला आणि त्याने सगळ्यांना हात जोडले.

आमची अख्खी रांग मराठी. बक्षी पंख्याकडे बघत होता. शुभांगीताईंनी माझं मनगट धरलं होतं. इतकं घट्ट की त्या मला ऊठ म्हणतायत हे न कळायला मी मूर्ख असायला हवा होतो. पण भर सभेत सरांना खोटं पाडायचं?

तेवढ्यात वत्सलाबाईंनी माइक स्वतःकडे ओढला. साफ हिंदीत म्हणाल्या, "जाँच नहीं साहब, जाच. पहले बेटे को बाहर भेजिए, फिर बताती हूँ." सभापतींनी पोराला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं, आणि बाई पुष्कळ वेळ बोलल्या. त्यांचं ते वाक्य दुरुस्ती म्हणून जसंच्या तसं लिहून घेतलं गेलं.

लग्नात लोक इथे टाळ्या वाजवतात.

हे मी रचलं. त्यांनी माइक ओढलाच नाही. सभापतींनीच मायेने पुन्हा विचारलं, तो माताजी, आप सुखी हैं? सर भाषांतर करायला पुढे झुकले. बाईंनी त्यांना हाताने थांबवलं, मागे पोराकडे पाहिलं, मग आमच्या रांगेकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि हिंदीतच म्हणाल्या, "जी साहब."