शेमोच्या अंगणातली रांग

मिद्यात गावात लग्न कुणाचंही असो, अंगणाच्या मध्यावर शेमो आणि त्याचा झुर्ना असायचाच. झुर्ना ही सनईची दांडगट बहीण; एकदा तोंड उघडलं की तीन गल्ल्या जाग्या करते. शेजारी शेमोचा मेहुणा चेतो, गळ्यात ढोल अडकवून. ढोल थांबला तरी चेतोचं तोंड चालूच राही.

शेमो कुर्दांच्या घरी वाजवायचा, अरबांच्या गल्लीत वाजवायचा, सुरियानी ख्रिश्चनांच्या चर्चच्या आवारातही वाजवायचा. नाच सगळ्यांचा रांगेचाच, करंगळीत करंगळी अडकवून; तऱ्हा मात्र प्रत्येकाची निराळी. कुर्द खांदे उडवणार, अरब टाचा आपटणार, सुरियानी डुलत डुलत सरकणार आणि मध्येच उसळी मारणार. शेमोला एक खोड होती. एकाच्या लग्नात तो दुसऱ्याची धून घुसवून द्यायचा, तीही श्वास न तोडता, त्यामुळे नाचणाऱ्यांना कळायच्या आत पाऊल बदललेलं असे.

हाजी फेरमान हे कुर्दांमधलं बडं प्रस्थ. त्यांच्या थोरल्या मुलाच्या लग्नात हे झालं तेव्हा ते तरातरा पुढे आले.

"अरे, ही चर्चवाल्यांची धून! माझ्या दारात?"

"मला काय विचारता हाजी? पायांना विचारा. सगळ्यांत आधी तुमचेच उठले."

हाजी गुरगुरले. पुढे त्यांच्याच नातवंडांनी ती धून मागून मागून वाजवून घेतली. असं करता करता चाळीस वर्षांत गावातल्या पोरांना एकमेकांची भाषा आली नाही तरी एकमेकांची पावलं येऊ लागली. मधे वाईट दिवसही येऊन गेले. माणसं रस्त्यात एकमेकांशी बोलेनाशी झाली, पण शेमो वाजवत असला की रांगेत शेजारी उभी राहत. याचं श्रेय त्याला कुणी दिलं नाही आणि त्यानं मागितलंही नाही.

कारण शेमो मितरिप होता. म्हणजे वाजवणाऱ्यांच्या जातीतला. मितरिपाला लग्नाला बोलवायचं, त्याच्यावर खूश व्हायचं आणि जेवायच्या वेळी त्याचं ताट वेगळं काढून तुतीच्या झाडाखाली धाडायचं. त्याच्या घरी जेवायचं नाही. त्याच्या लग्नात नाचायचं तर मुळीच नाही. हे कुठं लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे खोडताही येत नव्हतं. चीड यावी असाच रिवाज, पण सगळेच पाळायचे.

अशात शेमोच्या मुलाचं, सिपानचं लग्न ठरलं. मुलगी नुसैबिन गावची, नाव बेनफ्श.

"बाबा, आपण तिकडेच हॉल घेऊ," सिपान म्हणाला. "तिथं कोण आलं, कोण नाही, कळत तरी नाही."

"मी सगळ्यांच्या अंगणात वाजवलं," शेमो म्हणाला. "माझंच अंगण काय वाईट आहे?"

आणि त्यानं बायकोला दोनशे माणसांचा स्वयंपाक सांगितला.

"आपली माणसं चाळीस," झेरे म्हणाली. "उरलेलं जेवण कोण, तू खाणार?"

"येतील गं."

"फुंकून फुंकून डोक्यात हवा गेलीय तुझ्या!"

शेमो आमंत्रणाचे साखरेतले बदाम घेऊन दारोदार गेला. दुसऱ्याच्या लग्नाची वर्दी देताना गाव दणाणून सोडणारा माणूस, पण स्वतःसाठी बोलायची वेळ आली तर त्याची जीभच उचलेना. सगळे हसून बोलले, बदाम घेतले आणि म्हणाले, "इन्शाल्ला, देवाची इच्छा असली तर येऊ."

"तो इन्शाल्ला मी चांगला ओळखते," झेरे म्हणाली. कांदे मात्र तिनं दोनशे माणसांचेच चिरायला घेतले.

द्राक्षं उतरून झाली होती. त्या रविवारी दुपारी नवरी आली, घरची चाळीस माणसं आली आणि भाड्यानं आणलेल्या खुर्च्या रांगेनं रिकाम्या राहिल्या. गाव आलंच नाही, असंही म्हणता येत नव्हतं. गाव गच्च्यांवर उभं होतं. बायका कपडे वाळत घालत होत्या. इतके कपडे मिद्यातमध्ये एका दिवसात कधी धुतले गेले नसतील. हाजी फेरमान आपल्या गच्चीवर कबुतरांना दाणे टाकत होते, कबुतरं केव्हाच तृप्त झाली तरी टाकतच होते. पलीकडच्या भिंतीवर गेवरिये, गावातला सुरियानी गवंडी, हातोडीनं एक दगड तपासत बसला होता. रविवारी! ज्या दिवशी तो हत्याराला शिवत नसे त्या दिवशी.

"बघितलंत बाबा?" सिपान हळूच म्हणाला.

शेमोनं बघितलं होतं. त्यानं झुर्ना उचलून ओठांना लावला. मग गेवरियेच्या भिंतीकडे तोंड करून त्यानं एक धून धरली. पस्तीस वर्षांपूर्वी गेवरिये नवरीला घेऊन चर्चच्या पायऱ्या उतरला तेव्हा शेमोनं वाजवली होती ती. गावात कुणाच्या लग्नात पहिली धून कोणती वाजली, हे त्याला तोंडपाठ होतं. दारात उभं राहून जे बोलता आलं नाही ते आता तो मोठ्यानं बोलत होता.

गेवरियेची बायको शमुनी तरातरा बाहेर आली.

"अहो, आपली धून वाजतेय! उतरा खाली. का त्या दगडाशी लग्न लावलंय?"

गेवरिये उतरला. कपडे झटकले आणि सरळ शेमोच्या फाटकातून आत येऊन चुलाण्यापाशी थांबला.

"झेरे बहिणी, उपाशीपोटी नाचवणार आहेस का मला?"

झेरेनं डाव उचलला. तिनं दलिया वाढला, वर मटण वाढलं. गेवरियेनं सगळ्या गच्च्यांच्या देखत उभ्या उभ्या ताट चाटूनपुसून साफ केलं आणि आणखी मागितलं. झेरे त्याच्यावर ओरडली, "बसून जेव रे, उंटासारखा उभा काय!" तेव्हा तिचे डोळे भरून वाहत होते.

मग शेमोनं अरबांच्या गल्लीकडे तोंड वळवलं. माणसं दिसायच्या आधी त्यांच्या टाचा ऐकू आल्या. शेवटी त्यानं हाजींच्या गच्चीकडे पाहिलं आणि त्यांच्या स्वतःच्या लग्नातली धून काढली. ती त्याच्या बापानं वाजवली होती, शेमो तेव्हा पोर होता.

"आलो, आलो!" वरून हाजी खेकसले. "माणसाला घरात बसू देत नाही हा!" आणि ते सपाता फटफटवत उतरले, मागे अख्खं खटलं घेऊन. खुर्च्या पुरेनात. चेतोला बोलायला उसंत मिळेना, हे आयुष्यात पहिल्यांदा झालं.

रांग लागायला लागली तशी हाजींनी हात वर केला.

"थांबा. रांगेच्या टोकाला रुमाल घेऊन नवऱ्या मुलाचा बाप हवा. कुठं आहे तो?"

"वाजवतोय ना तो," चेतो म्हणाला.

"मग ठेव म्हणावं ते खाली. आम्हाला काय तोंडं नाहीत? आम्ही गातो, तू बडव."

झेरेनं झुर्ना काढून घेतला आणि त्याच्या उजव्या मुठीत रुमाल कोंबला. हाजींनी रांगेतल्या शेजाऱ्यासाठी करतात तशी करंगळी पुढे केली. शेमोनं आधी आपला हात कपड्यांना दोनदा पुसला, मग त्या करंगळीत करंगळी अडकवली. साठीला आला होता तो, आणि मितरिपाला कुणी करंगळी दिल्याचं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

ढोलावर टिपरू पडलं. सगळी रांग उजवीकडे निघाली आणि शेमो डावीकडे! तो हाजींवर आदळला, हाजी गेवरियेवर, हाजींची एक सपात उडून दलियाच्या पातेल्यापाशी पडली.

"मेल्यानं आयुष्यभर समोर उभं राहून बघितलंय!" झेरे पोट धरून हसत होती. "आरशातल्यासारखं शिकलाय, सगळं उलटं!"

शेमोनं पुन्हा पाऊल टाकलं, पुन्हा उलटंच. तो लालबुंद झाला.

"हाजी, हे माझं काम नाही. मी आपला वाजवतो." तो करंगळी सोडवायला लागला.

हाजींनी सोडली नाही.

"खबरदार! नवऱ्या मुलाचा बाप चुकत नसतो. रांग चुकलीय." त्यांनी मागे वळून हाक दिली, "डावीकडे चला रे सगळे!"

आणि कुर्द, अरब, सुरियानी, नुसैबिनचे व्याही, सगळे एकमेकांच्या पायांवर पाय देत, एकमेकांना सावरत, तीन भाषांत एकच धून ओरडत डावीकडे निघाले. शेमो दर चार पावलांनी मान वळवून बघत होता, आपल्याच पावलावर येताहेत ना. येत होते. सगळे येत होते.