आवाज हळू होता

रेहानाभाभींचा फोन आला तेव्हा मी आमच्या हडपसरच्या भाजीबाजारात वांग्यांवरून घासाघीस करत होतो. "भाऊ, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या. आणि माझ्या तोंडून निघालं, "कोण कोण निघालंय?" शहाणा माणूस कधी, कसं, काय झालं असं विचारतो. पण अग्निशमन दलाच्या नियंत्रण कक्षात मुनीर शेखच्या शेजारच्या खुर्चीवर उमेदीची वर्षं काढली, की वाईट बातमी ऐकल्यावर दुसरं काही सुचत नाही. काय झालं ते कळायचं तेव्हा कळेल, आधी तिकडे कोण निघालंय ते बोला. भाभींना राग आला नाही. त्याच माणसाबरोबर त्यांनी संसार केलेला. "मुलगा निघालाय, माझा भाऊ निघालाय... तुम्ही निघा," त्या म्हणाल्या. मी वांगी तिथेच टाकून त्यांच्या घरी विश्रांतवाडीला निघालो.

पुढे रीतीप्रमाणे शोकसभा झाली. जुने सहकारी आले, फोटोला हार घातला, आणि एक निवृत्त वरिष्ठ बोलायला उभे राहिले. "शेख मनाने फार चांगले. पण जरा घाबरट हो! शेकोटी पेटली तरी अर्धं दल पाठवायचे." लोक हसले. प्रेमानेच हसले, पण हसले. मी हात वर केला, तर सूत्रसंचालक म्हणाले, वेळेअभावी आता आभार. पुण्यात मेलेल्या माणसाची सभासुद्धा वेळेवर संपवावी लागते, कारण पुढे हॉल कुणाच्या तरी साखरपुड्याला दिलेला असतो. तर तिथे मला जे बोलू दिलं नाही ते इथे लिहितो. मुनीर घाबरट नव्हता. मी पाहिलेल्या माणसांत त्याच्याइतका बेडर दुसरा नव्हता, आणि हे मी कुणाची भीड न ठेवता लिहितो आहे.

आधी आमचं काम काय होतं ते सांगतो. आग लागल्याचा फोन आला की त्याला आम्ही वर्दी म्हणतो. वर्दी घेणाऱ्याने ठरवायचं, किती गाड्या सोडायच्या. कचरा पेटला असेल तर जवळच्या केंद्राची एक गाडी. घर असेल तर सोबत पाण्याचा टँकर. गोदाम, उंच इमारत, पेठेतली गल्ली असेल तर आजूबाजूच्या केंद्रांच्या गाड्या, शिडीची गाडी, वर अधिकारी. आणि त्याहूनही वर गेलं तर सगळं शहर, सुटीवरची माणसंसुद्धा. नियम असा, की पहिली गाडी पोचते, तिच्यावरचा अधिकारी आग बघतो, वायरलेसवर मागणी करतो आणि मग आम्ही एक पायरी वर चढतो. नियमाला कारण आहे. एकीकडे गाड्या ओतल्या की दुसरीकडची केंद्रं रिकामी पडतात, आणि आग काही रांगेत उभी राहून येत नाही.

मी यवतमाळकडून आलेला. आमच्याकडे कंदील उलटला तरी सगळी आळी बोंबलते. त्यामुळे सुरुवातीला पेठांतले फोन मला कळायचेच नाहीत. "अग्निशमन ना? घाई नाही, पण स्वयंपाकघरात थोडा जाळ दिसतोय. सवडीने या." हे काय वर्दी देणं झालं? मुनीरच्या पिढ्यान्‌पिढ्या पुण्यात गेलेल्या. आजोबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, आणि त्याचा 'ळ' ऐकून कुणाही मराठीच्या मास्तरला हेवा वाटावा. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला शेवटपर्यंत 'अहो वानखडे'. त्याचं म्हणणं, अहो म्हटलं की जास्त टोचता येतं. त्याने मला पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं, "अहो वानखडे, जो ओरडतो ना, तो घराबाहेर येऊन ओरडत असतो. जो हळू बोलतो तो अजून आत आहे. त्यातून पुणेकर 'थोडा' म्हणाला, की निम्मं घर गेलं समजा."

म्हणून त्याची पद्धत वेगळी होती. फोनवरचा आवाज हळू असला, की तो पहिल्या गाडीची वाट न बघता तिथल्या तिथे एक पायरी वर चढायचा. रमजानमध्ये रोजा सोडताना फोन आला तर खजूर गालात धरून हुकूम सोडायचा. आणि नुसत्या गाड्या सोडून मोकळा व्हायचा नाही. जे केंद्र रिकामं पडलं, तिथे लांबची गाडी आणून उभी करायचा. बहुतेक वेळा हडपसरची. "जागा रिकामी दिसता कामा नये," म्हणायचा. हे जे मागचं काम, ते वर्तमानपत्रात कधी आलं नाही, आणि त्या शोकसभेतल्या वक्त्यांना तर ते ठाऊकच नव्हतं.

फजिती व्हायची तीही झाली. एका सोसायटीतून एक प्राध्यापक अगदी शांतपणे बोलले, "जरा वास येतोय, येऊन जा." मुनीरने दोन केंद्रं हलवली. शिडीची गाडी गेली, रस्ता तुंबला. आणि आत काय, तर गॅसवर विसरलेलं दूध करपलेलं! प्राध्यापक फाटकात बनियनवर उभे. आमच्या लोकांकडे बघून म्हणाले, "एवढे आलात? चहा सगळ्यांना पुरणार नाही." दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो, खाली खवचट ओळ. मग मुनीरला मेमो मिळाला. खुलासा करा, आणि पुन्हा नियमाबाहेर गाड्या सोडल्यात तर या खुर्चीवरून उचलू. त्याने खुलाशात एकच वाक्य लिहिलं: आवाज हळू होता. मी म्हटलं, अरे, दिलगिरीचं एखादं वाक्य तरी घाल. तो म्हणाला, "दुधाची मागू का दिलगिरी?"

मेमोची शाई वाळली नव्हती तेवढ्यात शनिवार पेठेतून फोन आला. गणपती तोंडावर आलेले. दुपारची वेळ. बाई म्हणाल्या, "जिन्यात थोडा धूर येतोय. विशेष काही नाही. आणि हो, घंटा वाजवत येऊ नका, माझ्या भावाचा आत्ता कुठे डोळा लागलाय." मी शेजारच्या फोनवर ऐकत होतो. मुनीरने माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा मित्र, त्याच्या घरी धाकटी मुलगी शिकत होती, आणि ही खुर्ची म्हणजे त्याचा जीव होता... मी म्हटलं, "मुनीर, पहिली गाडी पोचू दे. ते बघून सांगतील. नियमच आहे." तो म्हणाला, "अहो वानखडे, बाई हळू बोलतायत." आणि त्याने बटण दाबलं. आजूबाजूची केंद्रं, टँकर, शिडी, अधिकारी, सगळं एका दमात. लगेच हडपसरची गाडी मध्यवस्तीत बोलावली. आवाज चढला नाही. घाबरट म्हणे! ज्याला घाबरायचं असतं तो नियमाच्या पांघरुणात शिरतो आणि पहिली गाडी पोचायची वाट बघत बसतो. ते फार सोपं असतं. मीही तेच सुचवत होतो.

इमारतीच्या तळमजल्यावर सजावटीच्या सामानाचं गोदाम होतं. थर्माकोलची मखरं, झालरी, कागदी फुलं. धूर जिन्यानेच वर चढत होता, आणि जिना एकच. पहिल्या गाडीवरचा अधिकारी उतरला, वर पाहिलं, आणि वायरलेसवर त्याचा ओरडा आला, "शिडीची गाडी पाठवा, ताबडतोब!" मुनीर म्हणाला, "मागे बघा." ती गल्लीच्या तोंडाशी पोचलेली होती. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून आधी बाईंचा अंथरुणाला खिळलेला भाऊ काढला, मग बाई. त्या उतरायला तयार नव्हत्या, कारण दाराला कुलूप लावायचं राहिलं होतं.

आठवड्याने त्याच बाईंचा फोन आला. मुनीरनेच उचलला. "तुमच्या लोकांनी माझ्या तुळशीची कुंडी फोडली. भरपाई कोण देणार?" मुनीर म्हणाला, "अहो ताई, मी आणून देतो." बाई म्हणाल्या, "राहू द्या. भाऊ जेवतोय आता नीट." त्या दिवशी मुनीर मला न सांगता चहा प्यायला उठला आणि बराच वेळ परत आला नाही. पुढे सत्कार झाला तो शिडीवरच्या जवानांचा, आणि तो रास्तच होता. मेमो मात्र कुणी मागे घेतला नाही. तो कागद फायलीत तसाच राहिला, आणि त्याच्या जोरावर आज कुणीही उठून त्याला घाबरट म्हणतो. मी असेपर्यंत तरी माझ्यासमोर म्हणून बघावं.

निवृत्तीनंतरही त्याची एक सवय गेली नाही. दलात गाडी नेहमी तोंड बाहेर करून उभी करतात, निघताना वळवत बसायला लागू नये म्हणून. मुनीर आपली जुनी स्कूटरही सोसायटीत तशीच लावायचा, तोंड फाटकाकडे, पाठ भिंतीला. रोज सकाळी दूध आणायला निघताना स्कूटर तापेपर्यंत तिचा धूर मागच्या भिंतीवर, त्यामुळे तिथे परातीएवढा काळा डाग पडला. सोसायटीच्या सेक्रेटरींनी पाटी लावली: 'वाहनाचे तोंड भिंतीकडे असावे. भिंत आपलीच आहे, ती काळी करू नये.' मुनीरने पाटी वाचली आणि म्हणाला, "धुराने काळ्या झालेल्या पुष्कळ भिंती बघितल्या. एवढी सुखी भिंत पहिलीच." आणि स्कूटर तशीच लावत राहिला.

तो गेल्यावर स्कूटर मुलगा घेऊन गेला, त्याला कामावर जायला लागते. जागा रिकामी राहिली आणि भिंतीवर डाग राहिला. भाभी सकाळी गॅलरीत उभ्या राहून तो डाग बघायच्या, असं त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. गेल्या रविवारी त्यांचा फोन आला. "भाऊ, काही विशेष नाही. सेक्रेटरींनी भिंत पांढरी करून घेतली. घाई नाही, कधी सवडीने आलात तर या..."

फार हळू बोलत होत्या.

मी ताट बाजूला सारलं आणि निघालो. सोसायटीत शिरलो, मुनीरच्या जागेवर माझी स्कूटर नेली. तीही जुनीच, त्याच्या स्कूटरच्याच वयाची. वळवली, तोंड फाटकाकडे केलं, पाठ त्या पांढऱ्याफेक भिंतीला, आणि इंजिन बंद न करता तशीच उभी केली. सेक्रेटरी लगबगीने आले. "अहो, पाटी दिसत नाही का? आणि आपण इथले नाही. ही कुणाची गाडी?"

वर गॅलरीत भाभी येऊन उभ्या होत्या. मी जरा मूठ पिळली, मागे भिंतीवर धूर बसू दिला, आणि त्यांना वरपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "हडपसरची आहे. जागा रिकामी पडली, म्हणून येऊन उभी राहिली आहे."