उल्काताईंच्या गाडीचं दुसरं इंजिन

उल्का आगाशे माझ्या शेजारच्या रो-हाउसमध्ये राहतात. धायरीतल्या आमच्या गल्लीत अशी बारा घरं आहेत आणि बहुतेकांपुढे पांढऱ्या नाहीतर करड्या गाड्या उभ्या असतात. उल्काताईंच्या घरापुढे एक बुटकी लाल गाडी असते. दोनच माणसांची, कापडी छत मागे दुमडता येणारी. ती बनवणारा छोटासा कारखाना केव्हाच बंद झाला. ताईंनी ती २००१ साली स्वतःच्या पगारातून घेतली, तेव्हा त्या पस्तिशीच्या होत्या. त्यांच्या आईने विचारलं, "अगं, बाकीचे कुठे बसणार?"

"बाकीचे कोण?" ताईंनी विचारलं, आणि तो विषय तिथेच संपला. लग्न त्यांनी केलं नाही. गाडी मात्र बावीस वर्षं चालवली.

नोकरी हडपसरच्या एका कंपनीत, तपासणी विभागात. बाहेरच्या छोट्या वर्कशॉपमधून सुटे भाग बनून यायचे. ते मोजायचे, बरोबर असले तर घ्यायचे, नसले तर परत पाठवायचे, हे काम त्यांनी एकतीस वर्षं केलं. त्यांना कुणी कठोर म्हटलं की त्या म्हणायच्या, "कठोर मी नाही. माप असतं."

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी, मे महिन्यात, कात्रजच्या घाटात गाडी तापून बंद पडली. इंजिनच्या मुख्य बिडाच्या भागालाच तडा गेला होता. तो भाग आता कुठेही मिळत नव्हता. तीन गॅरेजवाल्यांनी हात वर केले. एका कॅफेवाल्याला गाडी शोभेसाठी हवी होती. पुढचा भाग कापून त्याचं टेबल करायचा त्याचा विचार होता. ताईंनी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

मग एका सकाळी कुंपणाच्या भिंतीवरून त्या मला म्हणाल्या, "जोगळेकर, मी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवणार आहे. इथेच, घरी. तुम्हाला वेळ आहे ना?"

मी शाळेत मराठी शिकवायचो. निवृत्त मास्तराला वेळ आहे का, हे पुण्यात कुणी विचारत नाही, गृहीतच धरतात. मी म्हटलं, "मला गाड्यांतलं काही कळत नाही."

"म्हणूनच विचारतेय. कळणारे फार बोलतात."

पण मला एक विचारायचंच होतं. एवढा खटाटोप कशासाठी? नवी गाडी घेता आली असती. ताईंनी भिंतीवरचं वाळलेलं पान झाडून टाकलं. मग म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी लोकांनी केलेलं तपासलं. स्वतः एक वायसरसुद्धा केला नाही."

काम सुरू झालं ते कागदांपासून. इंजिन बदलायला आधी आरटीओची परवानगी लागते. ती मिळाल्यावर त्यांनी भंगार बाजारातून, मागून धडक बसलेल्या एका छोट्या गाडीचं इंजिन मिळवलं. ताकदीने जवळपास जुन्याएवढंच. त्या गाडीचा इंजिन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, सगळ्या वायरी आणि किल्लीही त्यांनी मागून घेतली, कारण त्याशिवाय ते इंजिन सुरूच झालं नसतं. जुनं इंजिन चेनकप्पीने वर उचललं तेव्हा निम्मी गल्ली चहाचे कप घेऊन बघायला उभी होती. एकाने विचारलं, "ताई, परत बसेल ना हो?"

"जुनं परत बसवायचं नाहीये," ताई म्हणाल्या. "त्यामुळे काळजी करू नका."

माझं काम उजेडासाठी बॅटरी धरण्याचं. "इंजिनवर धरा, जोगळेकर. माझ्या डोक्यात तडा नाहीये," हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलं. इंजिनाखालचे आधार बदलणं, पाण्याचे पाइप वळवणं, यात पावसाळा गेला. वायरींना त्यांनी एकेक चिठ्ठी बांधली आणि त्यांचा गुंता तीन आठवड्यांत सोडवला.

खरी अडचण वेगळी होती. इंजिन नवं, पण गिअरबॉक्स गाडीचाच जुना ठेवायचा होता, कारण चाकांपर्यंतचं सगळं त्याच्याशी जुळलेलं होतं. या दोघांची बोल्टांची भोकं काही जुळत नव्हती. मध्ये एक जाड पोलादी प्लेट लागणार होती, एका बाजूने इंजिनला आणि दुसऱ्या बाजूने गिअरबॉक्सला बसणारी. ताईंनी मापं घेऊन वहीत लिहिली, त्यावरून स्वच्छ ड्रॉइंग काढलं आणि आम्ही वर्कशॉप शोधायला निघालो.

"एकच नग?" पहिला म्हणाला. "बाई, पाचशेच्या खाली आम्ही मशिन लावत नाही." दुसऱ्यानेही तेच सांगितलं. दोघांनीही एकच नाव सुचवलं. बेनकर वस्तीमागचे लायगुडे, ते करतात असलं एकुलतं एक काम.

नाव ऐकून ताईंचा चेहरा बदलला. रिक्षात बसल्यावर त्यांनी मला सांगितलं. २००९ साली दत्तप्रसाद लायगुडे त्यांच्या कंपनीला बुश, म्हणजे धातूच्या छोट्या नळ्या, करून द्यायचा. एकदा चारशे बुशांची भोकं दोन शतांश मिलिमीटर लहान निघाली. त्याने विनवलं होतं की एक दिवस द्या, भोकं मोठी करून आणतो. ताईंनी अख्खा माल परत पाठवला. त्यानंतर कंपनीने त्याला पुन्हा काम दिलं नाही.

"मग तुमचं चुकलं होतं का?" मी विचारलं.

"नाही. भोकं लहानच होती."

लायगुडे पन्नाशीचा, धायरीतलाच, अंगाने आडवा. त्याने ताईंना लगेच ओळखलं, पण तसं काही बोलला नाही. ड्रॉइंग हातात घेऊन बराच वेळ पाहत राहिला.

"सही करा," तो म्हणाला.

"कसली?"

"ड्रॉइंगवर. सहीशिवाय ड्रॉइंग घ्यायचं न्हाई, हे तुमच्याच कंपनीनं शिकवलंय मॅडम."

ताईंनी सही केली.

आठ दिवसांनी प्लेट आली. आरशासारखी घासलेली. आम्ही ती मध्ये घालून इंजिन आणि गिअरबॉक्स जोडले. ताईंनी बोल्ट आवळले आणि पाना लावून इंजिन हाताने फिरवलं. अर्धा फेरा मोकळा गेला, अर्धा जड. बोल्ट ढिले केले की इंजिन सहज फिरे. पुन्हा आवळले की पुन्हा जड. दोन्हीचे मध्य एका रेषेत येत नव्हते, एवढं मलाही कळलं.

ताई उठल्या आणि फडक्याला हात पुसू लागल्या. "लायगुड्यांनी मधलं भोक सरकवलंय," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. अशा प्रसंगांची त्यांना सवय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही प्लेट घेऊन वर्कशॉपला गेलो. लायगुड्याने ऐकून घेतलं. वाद घातला नाही. सपाट ग्रॅनाइटच्या टेबलावर फडकं मारलं, प्लेट ठेवली आणि मापाची हत्यारं ताईंपुढे सरकवली.

"तुम्हीच बघा. माझं माप तुम्हाला कुठं पटतंय."

ताईंनी मोजलं. पुन्हा मोजलं. प्लेट फिरवून तिसऱ्यांदा मोजलं. मग ड्रॉइंगवर बोट ठेवून म्हणाल्या, "चौऱ्याऐंशी पूर्णांक एक. बरोबर आहे."

त्यांनी पर्समधून वही काढली. इंजिनाजवळ बसून, काळ्या हातांनी मापं लिहिली होती ती. पान उघडलं, चष्मा वर केला, वही डोळ्यांजवळ नेली. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. तिथे चौऱ्याऐंशी पूर्णांक सात लिहिलं होतं. इंग्रजी सात घाईत लिहिलेला, वरची रेघ तेलाच्या डागात गेलेली. ड्रॉइंग काढताना त्यांनीच तो एक म्हणून वाचला होता.

मागे लेथ चालू होतं. ताईंनी तिथलं स्टूल ओढलं आणि बसल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना परक्या ठिकाणी न विचारता बसलेलं पाहिलं नव्हतं.

"लायगुडे," त्या म्हणाल्या, "प्लेट बरोबर आहे. ड्रॉइंग चुकलंय. ड्रॉइंग माझं आहे."

लायगुडे मान हलवून टेबल पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही नव्हतं.

"त्या वेळी तुम्ही एक दिवस मागितला होता."

"व्हय."

"नियमाने मला देता येत नव्हता. आजही असं झालं तर मी नाहीच म्हणेन."

"मला कुठं काय म्हणायचंय मॅडम? भोकं बारीकच होती. आमचा भोकं साफ करायचा रीमर झिजला होता. पण मी तीन तास तुमच्या टेबलापाशी उभा होतो. तुम्ही लिहीत होता. एकदा तोंड वर करून 'न्हाई' म्हटलं असतं, तर मी गेलो असतो. तुम्ही शिपायाकडनं सांगितलंत."

ताई त्याच्याकडे पाहत होत्या. "हो," त्या हळूच म्हणाल्या. "शिपायाकडून सांगितलं. ते मी चूक केलं."

लायगुड्याने लेथ बंद करायला सांगितलं. एकदम शांत झाल्यामुळे आम्ही तिघंही जरा अवघडलो. मग त्याने विचारलं, "चहा घेणार?" आणि उत्तराची वाट न पाहता बाहेर हाक मारली.

चहा पिताना तो म्हणाला, "नवीन प्लेट करावी लागंल. भोक भरून पुन्हा पाडलेलं मला चालत न्हाई."

"मलाही नाही चालत."

"ते ठाऊक हाय." आणि तो पहिल्यांदाच हसला.

परत येताना ताई बराच वेळ खिडकीबाहेर, म्हणजे रिक्षाच्या दांड्याबाहेर, पाहत होत्या. मग म्हणाल्या, "जोगळेकर, मुलाचं उत्तर चुकलं की तुम्ही काय करायचात?"

"लाल रेघ मारायचो."

"आणि मुलाकडे बघायचात?"

"एका वर्गात साठ मुलं असायची हो."

"हं," ताई म्हणाल्या. मला ते पुढे दोन दिवस लागून राहिलं.

नवी प्लेट लायगुडे स्वतः घेऊन आला, मोटरसायकलवर, गोणपाटात गुंडाळून. बसवायला थांबलाही. बोल्ट आवळल्यावर ताईंनी पाना त्याच्या हातात दिला. त्याने इंजिन पूर्ण दोन फेरे फिरवलं आणि पाना खाली ठेवला. कुठेही जड लागलं नव्हतं.

इंजिन सुरू केलं ते दसऱ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी दहाला. पहिल्या किल्लीला नुसता कटकट आवाज. दुसऱ्यालाही तेच. लायगुड्याने वाकून पाहिलं आणि एक जाड वायर गाडीच्या अंगाला जोडायची राहिली होती ती दाखवली. ताईंनी ती बसवली. तिसऱ्या किल्लीला इंजिन सुरू झालं, थोडं खोकलं आणि मग एका सुरात चालू लागलं. मडगार्डवर ठेवलेला माझा चष्मा थरथरत कडेपर्यंत गेला. मी तो पकडला.

"चालू आहे," ताई म्हणाल्या, रजिस्टरमध्ये नोंद करावी तशा. मग बाहेरच्या नळावर जाऊन हात धुऊ लागल्या. पाच-सात मिनिटं धूत होत्या. आमच्याकडे पाठ होती. लायगुडे आणि मी इंजिनकडेच बघत राहिलो.

आरटीओची तपासणी दोन खेपांत झाली. पहिल्या खेपेला इंजिनचा नंबर पाइपमागे लपला होता, तो आरशात वाचावा लागला, आणि एक कागद कमी पडला. दुसऱ्या खेपेला सगळं मार्गी लागलं. डिसेंबरमध्ये नव्या इंजिनचा नंबर गाडीच्या कागदांवर चढला.

त्यानंतरच्या रविवारी पहिली फेरी. दोनच सीटा, दुसरी माझीच असं धरून मी आपला पहाटेपासून इस्त्रीचा शर्ट घालून तयार होतो. सात वाजता लायगुडे आला. ताईंनी त्याच्यासाठी दार उघडलं आणि मला म्हणाल्या, "तुमचा नंबर पुढच्या रविवारी."

लायगुडे आत बसायला तयार नव्हता. "एवढं खाली मला बसवत न्हाई मॅडम. उठवायला क्रेन लागंल."

"चेनकप्पी आहे घरात," ताई म्हणाल्या.

तो बसला. छत मागे केलेलं होतं. गल्लीच्या टोकाला गाडी वळली तेव्हा त्याने एक हात उंच करून मला दाखवला, आणि मीही दाखवला.

दोन तासांनी ते आले. पानशेतच्या रस्त्याला जाऊन आले होते. साठच्या पुढे गेलं की डाव्या बाजूने बारीक थरथर येते, असं ताईंचं म्हणणं. रस्ताच तसा हाय, असं लायगुड्याचं. दोघंही गाडीखाली वाकून पाहू लागले, आणि मला पुन्हा बॅटरी आणायला पाठवलं.

माझा रविवार आला तेव्हा थंडी कडक होती. आम्ही खडकवासल्यापर्यंत गेलो. वारा कानात भरत होता, बोलणं शक्य नव्हतं, आणि ताईंना त्याचं काही वाईट वाटत असावं असं दिसलं नाही. धरणाजवळ गाडी थांबवून त्या उतरल्या, बॉनेट उघडलं आणि हात पाठीमागे बांधून थोडा वेळ ऐकत उभ्या राहिल्या.

"काय म्हणतंय?" मी विचारलं.

"काही म्हणत नाहीये," ताई म्हणाल्या. "चालतंय." मग बॉनेट लावून त्यांनी मला कणीस खाणार का म्हणून विचारलं.