थंड इंजिनासाठी दादा बसून राहिला

माझा दादा तीस वर्षं फिटर होता. गॅरेजात त्याला नावाने कुणी हाक मारत नसे, सगळे ‘कानसेन’ म्हणायचे. गाडी फाटकातून आत येईपर्यंत तो तिचं दुखणं सांगून मोकळा व्हायचा. पुढे त्याचे कानच गेले. आधी डावा, मग उजवाही बराचसा. मालकाने वर्षभर सांभाळून घेतलं आणि एक दिवस लांबलचक भाषण करून त्याला घरी पाठवलं. ते भाषण दादाला ऐकू आलं नाही, हे एक बरंच झालं.

मी शाळेची गाडी चालवते. सात पोरं, सकाळी नेणं, दुपारी आणणं. त्या आठवड्यात मी स्वतःच माझ्या इंजिनाची वाट लावली. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेलेला दिसत होता, पण घर दोन वळणांवर आलं होतं आणि थांबणं मला जन्मात जमलेलं नाही. दुसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं. शाळेच्या बाईंनी फोनवर गोड आवाजात सांगितलं, “सोमवारपर्यंत वाट बघतो. नाहीतर दुसरी गाडी लावावी लागेल.” नव्या इंजिनाचं नावच काढायला नको होतं. जुनं घ्यायचं, तेही एकदाच. ते फसलं तर मी घरी बसणार होते.

एका भंगारवाल्याकडे माझ्याच मॉडेलची, मागून चेपलेली गाडी आली होती. शुक्रवारी सकाळी दादाला घेऊन गेले. आणि इथे मी जे केलं ते लिहितानाही लाज वाटते. दादाला न सांगता मी आमच्या कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या फिटरलाही बोलावून ठेवलं होतं, इंजिन ऐकायला. तो फाटकाशी उभा दिसला तसं दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सरळ गाडीकडे चालू लागला. दोन शिव्या घातल्या असत्या तरी परवडलं असतं.

भंगारवाला बॉनेट उघडून उभाच होता. “ताई, एका चावीत उठतं बघा!” त्याने चावीला हात घालायच्या आत दादाने इंजिनावर तळवा ठेवला.

“हे गरम आहे,” दादा म्हणाला. कानांमुळे तो हल्ली मोठ्यानेच बोलतो.

“तुम्ही येणार म्हणून जरा चालवून ठेवलं, काका.”

इंजिन खरंच एका चावीत उठलं आणि शहाण्यासारखं चालत राहिलं. कोपऱ्यावरच्या फिटरने मान डोलावली. “लोणी आहे, ताई. घेऊन टाका.” मी हो म्हणणारच होते, तर दादाने कडेचा एक जुना टायर ओढला आणि त्यावर बसला. “बंद करा. पूर्ण थंड झाल्यावर बघू.”

“अहो काका, चार तास लागतील!”

“मग चार तास.”

माझा पारा चढला. मी त्याच्या उजव्या कानाशी वाकून ओरडले, “सगळ्यांना ऐकू येतंय की ते चांगलं चाललंय. तुलाच तेवढं येत नाही!”

दादा शांतपणे म्हणाला, “बस खाली.”

मी बसले नाही. फेऱ्या मारत राहिले. फिटर कामाचं निमित्त सांगून सटकला. भंगारवाल्याने दुपारी दुसरं गिऱ्हाईक येणार असल्याची धमकी देऊन पाहिली. दादा म्हणाला, “येऊ दे. त्यालाही टायर दे.” मध्येच उठून तो आवारातल्या बाकीच्या गाड्या बघून यायचा, इंजिनाला हात लावायचा आणि पुन्हा बसायचा.

इंजिन गार झालं तेव्हा त्याने लांब, लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर मागितला. टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ चक्क दातांत धरली. मला वाटलं, म्हातारा चळला. त्याने हाताने खूण केली, चालू कर. शेजारी कुणीतरी कटरने पत्रा कापत होतं. त्या कर्कश आवाजात मला काहीही कळत नव्हतं. दादाला तो आवाज जाचतच नव्हता; इंजिनाची थरथर त्याला दातांतून, हाडांतून थेट कळत होती.

जरा वेळाने त्याने मूठ तोंडातून काढली. “तिसरा पिस्टन ढिला आहे. थंड असताना आपटतो. तापला की फुगतो आणि गप्प बसतो.”

“काहीतरीच काय, काका!”

दादाने पाना घेऊन तिसरा प्लग काढला, पिस्टन खाली नेला आणि भोकात बॅटरीचा झोत धरून मला वाकायला लावलं. आतल्या भिंतीवर उभे ओरखडे होते, मांजराने ओरबाडल्यासारखे. मी वर बघितलं तर भंगारवाला एकाएकी किल्ल्या मोजू लागला होता.

मग दादा भिंतीकडे उभ्या असलेल्या, माझ्याच मॉडेलच्या दुसऱ्या एका गाडीपाशी गेला. तिचं इंजिन तेल आणि धुळीने इतकं माखलेलं, की मी एकटी असते तर ढुंकूनही बघितलं नसतं. “त्याचं तेल गळतं,” भंगारवालाच म्हणाला. दादाने वरचं झाकण दाखवलं. नुसतं पॅकिंग गेलं होतं. चारी प्लग सारखेच भुरे, तेलात पाण्याचा मागमूस नाही. थंडगार इंजिन दुसऱ्या चावीला उठलं. दादा मूठ दातांत धरून, डोळे मिटून उभा राहिला. बऱ्याच वेळाने म्हणाला, “हे घे.” मी घेतलं.

शनिवार-रविवार तो माझ्या गाडीखाली होता. सोमवारी पहाटे गल्लीत गाडी सुरू झाली आणि चालत राहिली. मी उतरून दादासमोर गेले. आमच्याकडे असलं कुणी बोलत नाही, मी तर नाहीच नाही. म्हटलं, “माझं चुकलं, दादा.”

“काय?”

“माझं चुकलं!”

“काय म्हणतेस?”

“माझं चुकलं, दादा!” मी जीव खाऊन ओरडले. समोरच्या दोन खिडक्या उघडल्या. माझे डोळे भरून आले होते.

दादाने हात पुसले. “ओठांवरून पहिल्यांदाच कळलं होतं,” तो म्हणाला. “पण पुन्हा कधी म्हणशील याचा भरवसा नाही, म्हणून तीनदा म्हणवून घेतलं. निघ आता, पोरं थांबली असतील.”