ढगांचं धुणं

चादरीचं एक टोक तिच्या हातात, दुसरं माझ्या हातात, अशी आमची एकोणीस वर्षं गेली. एका मोठ्या हॉटेलच्या मागच्या अंगाला आमची लाँड्री. वाफ इतकी, की समोरची बाई कमरेपासून वरच तेवढी दिसायची. दोघींनी चादर ताणायची, झटकायची, पुढे येऊन टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. चादर झटकली की मधोमध हवा भरून फुगायची, आणि चादरताई तिथेच हरवायची. हे नाव आम्हीच तिला पाडलेलं.

"बघ, आत कोणीतरी झोपलंय," ती म्हणायची.

"झोपू दे. तू टोक धर," मी म्हणायचे.

जेवणाच्या सुट्टीत ती धुण्याच्या जुन्या याद्यांच्या पाठीवर पेन्सिलीने चित्रं काढायची. एक बाई शिडी लावून आकाशात चढते, मळलेले ढग उतरवून आणते, धुते, गच्चीवर वाळत घालते आणि दिवस मावळायच्या आत जागच्या जागी टांगून येते. ती त्रेपन्न वर्षांची असताना हे कागद तिच्या भाचीच्या हाती लागले. भाची वेबसाइट बनवायचं काम करायची.

"मावशी, हे असं डब्यात कोंबून ठेवतात का? लोकांना दाखवू या."

"अगं, लोकांना दुसरे उद्योग नाहीत का?"

पण एका रविवारी दुपारी भाचीने साइट सुरू केलीच. चादरताईने नाव दिलं, 'ढगांचं धुणं'. दर रविवारी एक भाग. पहिल्या आठवड्यात सव्वीस वाचक, त्यातले नऊ घरचेच.

मग अभिप्राय यायला लागले. एकाने लिहिलं, 'अक्षरं मुंगीएवढी आहेत, भिंग घेऊन बसू का?' दुसऱ्याच्या फोनवर चित्रं उलटसुलट लागत होती, बाई शिडी चढायच्या आधीच उतरत होती. भाचीने हौसेने मागे संगीत टाकलं होतं, ते कुणाच्या तरी ऑफिसात भर मीटिंगमध्ये वाजलं. चादरताईचे यजमान बसचे ड्रायव्हर, निवृत्त झालेले. ते वैतागले.

"कशाला नसती कटकट? लोक नावं ठेवतायत."

"अहो, नावं नाही ठेवत. वाचतायत म्हणून बोलतायत," ती म्हणाली आणि वहीत एकेक तक्रार लिहून घेतली. भाचीने अक्षरं मोठी केली, चित्रं एकाखाली एक लावली, संगीत काढून टाकलं.

सातव्या भागानंतर एक वेगळंच पत्र आलं. लिहिणारा एका दवाखान्यात टेलिफोन ऑपरेटर होता. जन्मापासून आंधळा. 'माझा फोन मला सगळं वाचून दाखवतो,' त्याने लिहिलं होतं. 'पण तुमच्या पानावर आला की नुसता "चित्र, चित्र, चित्र" म्हणतो आणि गप्प बसतो. संवाद मात्र कमेंटमध्ये कुणी कुणी लिहितं, त्यावरून कळतं की गोष्ट मजेची आहे. चित्रात काय असतं, सांगाल का?'

भाची म्हणाली, प्रत्येक चित्रामागे वर्णन लिहून ठेवता येतं, फोन ते मोठ्याने वाचतो. चादरताईने लिहिलं, 'आकाशात करडा ढग. त्याची कड पिवळसर.' दोन दिवसांनी उत्तर आलं: 'आभारी आहे. पण करडा म्हणजे काय, ते मला माहीत नाही. ढग हाताला कसा लागतो?'

त्या आठवड्यात तिचं कामात लक्ष नव्हतं. की पहिल्यांदाच खरं लक्ष होतं, कोण जाणे. वाफेत डोळे मिटून ती कपड्यांवरून हात फिरवत होती. मला म्हणाली, "तूही मीट डोळे. हे काय वाटतं?"

"ओला टॉवेल."

"नुसता ओला नाही. पिळलेला, पण मधे अजून पाणी धरून बसलेला."

मी डोळे मिटलेलेच ठेवले. यंत्रांची घरघर लांब गेली. हातात काहीतरी जड, थंड, जिवंत असल्यासारखं होतं, आणि क्षणभर मला खरोखर वाटलं की आम्ही दोघी खूप उंचावर उभ्या आहोत.

तिने सातही भागांची वर्णनं नव्याने लिहिली. पावसाळी ढग म्हणजे भिजलेली गोधडी, एकट्याने उचलवत नाही अशी. सकाळचा ढग म्हणजे नुकती इस्त्री केलेली उशीची खोळ, गालाला लावावी अशी कोमट. आता ऑपरेटर दर सोमवारी चहाच्या सुट्टीत भाग ऐकायचा आणि कळवायचा: शिडीला किती पायऱ्या ते सांगा, वारा कुठल्या कानाला लागतो ते सांगा. तेवढं ती घालायची. डोळस वाचकांनाही या वर्णनांचा सुगावा लागला. त्यांच्या मागणीवरून भाचीने प्रत्येक चित्राखाली 'ऐका' असं बटण ठेवलं. यजमान आरामखुर्चीत डोळे मिटून ऐकायला लागले. झोप लागली, असं म्हणायचे, पण मधेच "पुढे?" विचारायचे.

तिसाव्या भागात चादरताईने चित्रं काढलीच नाहीत. सहा कोऱ्या चौकटी आणि सहा वर्णनं. ढग धुणारी बाई धुक्यात शिरते, तिला स्वतःचे हात दिसत नाहीत, ती डाव्या हाताने वाळत घालायची दोरी चाचपडत, एकेक ओला कपडा ओळखत पुढे जाते.

रविवारी भाचीचा घाबराघुबरा फोन आला. "मावशी, साइट बंद पडली म्हणून लोक ओरडतायत! चित्रं दिसत नाहीत म्हणे. चित्रं मुद्दामच नाहीत, अशी पानाच्या वर सूचना टाकू का?"

"थांब जरा."

तिने कमेंट उघडल्या. चिडलेल्या प्रत्येक वाचकाखाली ऑपरेटरने उत्तर लिहिलं होतं, फोनवर चुकलेल्या माणसाला योग्य वॉर्डाकडे पाठवावं तितक्या शांतपणे: 'साइट चालू आहे. धुकं पडलंय. खालचं बटण दाबा, डोळे मिटा, सरळ चला. डाव्या हाताला दोरी लागेल.'

अशी एकेचाळीस उत्तरं होती. त्यांच्याखाली लोकांनी लिहिलं होतं, 'लागली दोरी.'

"मग, टाकू सूचना?" भाचीने विचारलं.

"नको," चादरताई म्हणाली. "पुढच्या रविवारी ऊन पडेल."